थेंब आधी, जेल नंतर: एकाच मापाचे सूक्ष्म जेल-मणी कसे बनतात

हायड्रोजेल म्हटलं की लॅबमधली काहीतरी भारी भानगड वाटते, पण मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हायड्रोजेलचीच असते, बाळाच्या डायपरमधे पाणी धरून ठेवणारे दाणे तेच, आणि चायनाग्रासची जेली पण तेच. आत काय असतं, तर लांब लांब रेणूंचं जागोजागी एकमेकांना बांधलेलं जाळं आणि त्या जाळ्यात अडकलेलं पाणी, कधी कधी तर वजनाच्या ९० टक्क्यांहून जास्त पाणीच. त्यामुळे जिवंत पेशी आत ठेवली तरी ती जगते, तिला ऑक्सिजन मिळतो, ग्लुकोज मिळतो, तिने बाहेर टाकलेलं बाहेर जातं. बायोलॉजीवाले या मटेरियलवर एवढे खूश असतात ते यामुळेच.

आता हेच जेल केसाच्या जाडीएवढ्या, म्हणजे ५० ते १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक गोळ्यांच्या रूपात हवं असेल तर? गोळे करणं अवघड नाही. जेलचं द्रावण तेलात टाका, जोरात ढवळा, थेंब झाले की घट्ट करा, झालं. पण त्यात १० मायक्रॉनपासून २०० मायक्रॉनपर्यंत सगळी मापं मिळतात, आणि व्यास २० पट म्हणजे आतला ऐवज २० चा घन, ८,००० पट. एका गोळ्यात एक पेशी आणि दुसऱ्यात शेकडो, एकात औषधाचा कण आणि दुसऱ्यात अख्खा डोस, असं झाल्यावर त्या प्रयोगातून निघालेल्या आकड्याचा अर्थ कसा लावणार? व्यासात नुसता ५ टक्के फरक पडला तरी व्हॉल्युममधे १५ टक्क्यांचा फरक पडतो, हे गणित सुरुवातीला बरेच जण विसरतात. एकसारखेपणा दिसायला छान असतो हे खरं, पण इथे तो मोजमापाचा पाया आहे.

अजून एक कारण, डिफ्युजनचं, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाण्याचं. गोळ्याच्या मध्यापर्यंत एखादा रेणू पोचायला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. ५० मायक्रॉन त्रिज्येच्या बीडमधे, म्हणजे अशा बारीक मण्यामधे, ग्लुकोजसारखा छोटा रेणू काही सेकंदात मध्यावर पोचतो, तर १ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्यात त्यालाच अर्धा तास लागू शकतो, त्रिज्या २० पट आणि वेळ ४०० पट. मग एकाच भांड्यात दोन्ही मापं असली तर एकाचं काम उरकलेलं आणि दुसऱ्याचं जेमतेम सुरू झालेलं.

तर हे एकसारखे थेंब येतात कुठून? बुंदी पाडताना झाऱ्यातून पीठ खालच्या गरम तेलात पडतं, थेंब आधी गोल होतो आणि मग तेलातच घट्ट होतो, सगळी गोष्ट याच क्रमाची आहे. फक्त बुंदीचं माप पिठाच्या पातळपणावर, झारा किती वर धरलाय त्यावर आणि आपटणाऱ्या हातावर ठरतं, आणि मायक्रोफ्लुइडिक्समधे, म्हणजे केसाएवढ्या बारीक नळ्यांतून द्रव चालवायच्या तंत्रात, तो हात काढून टाकलाय. तिथे तेल भांड्यात निवांत पडून नसतं, ते बारीक चॅनलमधून ठराविक वेगाने वाहत येतं आणि पाण्याची, म्हणजे जेलच्या द्रावणाची, धार दर वेळी त्याच जागी, त्याच जोराने तोडतं.

हे शक्य होतं कारण इतक्या लहान चॅनलमधे पाणी आपल्या नळातल्यासारखं वागत नाही. ५०-१०० मायक्रॉनच्या नळीत भोवरे नाहीत, उसळणं नाही, सगळं शांतपणे थरांनी सरकतं, दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहिले तरी पटकन मिसळत नाहीत. या क्षणाचा प्रवाह पुढच्या क्षणाच्या प्रवाहासारखाच, मग या क्षणाचा थेंब पण पुढच्या थेंबासारखाच. नीट चाललेल्या चिपमधे, म्हणजे हे चॅनल ज्या तुकड्यात असतात त्यात, थेंबांच्या व्यासातला चढउतार २-३ टक्क्यांच्या आसपास राहतो, आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर या क्षेत्रातली मंडळी त्याला मोनोडिस्पर्स म्हणतात.

चिप म्हणजे बहुतेक वेळा पीडीएमएस नावाच्या पारदर्शक सिलिकॉन रबराचा एक तुकडा. १९९८ मधे हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने दाखवलं की डिझाइन साध्या पारदर्शक फिल्मवर हाय रिझोल्यूशन प्रिंट करून, त्यावरून साचा बनवून, त्यात हे रबर ओतून चिप झटपट तयार करता येते, आणि मग जगभरच्या लॅबमधे हे काम पसरलं. पाकासारखं दाट पीडीएमएस आणि क्युरिंग एजंट (ते घट्ट करणारं केमिकल) १० ला १ या प्रमाणात घोटायचं, व्हॅक्यूममधे बुडबुडे काढायचे, साच्यावर ओतून ६५-७० डिग्रीला ओव्हनमधे ठेवायचं, सोलून काढायचं, ट्यूबसाठी भोकं पाडायची आणि ऑक्सिजन प्लाझ्मा मारून काचेच्या स्लाइडवर चिकटवायचं. सराव झाला की एका दिवसाचं काम.

थेंब पाडायच्या मुख्य दोन रचना आहेत. पहिली टी-जंक्शन, कॅलटेकच्या थॉर्सन, क्वेक वगैरे मंडळींनी २००१ मधे दाखवलेली. सरळ चॅनलमधून तेल चाललंय, बाजूच्या चॅनलमधून पाणी येतंय. पाण्याचं टोक मोठ्या चॅनलमधे शिरतं, फुगतं, जवळजवळ अख्खी वाट अडवतं, मग मागे अडकलेल्या तेलाचा दाब वाढत जातो आणि ते तेल पाण्याच्या मानेला एका बाजूने दाबत दाबत शेवटी कापून टाकतं. थेंब निघाला की वाट मोकळी, दाब उतरला, की पुढचं टोक आत. २००६ मधे गारस्टेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचं फार सुंदर साधं गणित मांडलं, की संथ प्रवाहात थेंबाची लांबी ही चॅनलच्या रुंदीवर आणि पाणी-तेलाच्या प्रवाहांच्या गुणोत्तरावर ठरते, तेल किती दाट आहे याने फारसं बिघडत नाही. माझ्या मते अख्ख्या क्षेत्रातलं हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे, कारण माप बदलायचं तर काय फिरवायचं हे त्यातून थेट कळतं.

दुसरी रचना फ्लो-फोकसिंग. मधून पाणी, दोन्ही बाजूंनी तेल, आणि समोर एक अरुंद तोंड. तेल दोन्हीकडून पाण्याला चेपतं, पाण्याचा धागा बारीक होत त्या तोंडात जातो आणि तिथेच तुटतो. शेल्या ॲना, नथाली बोंटू आणि हॉवर्ड स्टोन यांनी २००३ मधे ती सपाट चिपमधे करून दाखवली आणि आज बहुतेक लोक हीच वापरतात. हा धागा मुळात का तुटतो, हे १९ व्या शतकात बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी शोधलं होतं. पाण्याच्या दंडगोलाची लांबी त्याच्या घेरापेक्षा जास्त झाली की त्याला तसंच राहणं परवडत नाही, पृष्ठभाग कमी करण्यासाठी तो थेंबांमधे मोडतो. पुढे लॉर्ड रॅली यांनी त्यातली कुठली लहर सगळ्यात जलद वाढते ते काढलं. तेलाचा वेग वाढवला तर थेंब लहान होतात, पण खूपच वाढवला की धागा तोंडातून बाहेर लांबवर जातो आणि पुढे कुठेतरी मनाला येईल तसा तुटतो, आणि एकसारखेपणा तिथेच गेला.

मायक्रोस्कोपखाली हे बघायला मिळालं तर नक्की बघा. १०० मायक्रॉनच्या थेंबात साधारण अर्धा नॅनोलिटर पाणी बसतं, म्हणजे एका मिलिलिटरमधून जवळपास १९ लाख थेंब निघतात. पाणी मिनिटाला १० मायक्रोलिटर दराने सोडलं तरी सेकंदाला ३०० हून जास्त थेंब होतात, आणि नुसत्या डोळ्याला तिथे एक थरथरती स्थिर आकृतीच दिसते, काही हलतंय असं वाटतच नाही. हाय स्पीड कॅमेरा लावला की मग कळतं, पाण्याचं टोक पुढे येतंय, मान बारीक होतेय, क्षणभर केसासारखा धागा उरतो, तो तुटतो, टोक जरासं मागे जातं आणि परत पुढे येतं. बाहेरच्या ट्यूबमधे जमा होतं ते दुधासारखं पांढरं दिसतं. फ्लोरिनवालं तेल वापरलं असेल तर ते पाण्यापेक्षा दीडपटीहून जड असतं, त्यामुळे थेंबांचा पांढरा थर वर तरंगतो आणि खाली स्वच्छ तेल राहतं.

थेंब झाले तरी ते एकमेकांना भिडले की एक होऊन जायला बघतात, म्हणून तेलात सर्फॅक्टंट घालतात. त्याचे रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात, एक टोक पाण्याकडे आणि दुसरं तेलाकडे, आणि दोन थेंबांना चिकटू देत नाहीत. पेशींच्या कामासाठी फ्लोरिनवालं तेल आणि त्याला साजेसा सर्फॅक्टंट घेतात कारण त्या तेलात ऑक्सिजन भरपूर विरघळतो आणि पेशींना त्याचा त्रास होत नाही. महाग आहे, पण इथे काटकसर करायला गेलं की सकाळी ट्यूबमधे मोठमोठे डबके झालेले दिसतात.

इथपर्यंतचा भाग तसा सरळ आहे. खरी कसोटी पुढे, थेंबाचं जेल करताना. नियम एका ओळीत सांगता येतो, थेंब तुटेपर्यंत जेल व्हायला सुरुवात होता कामा नये, आणि तुटल्यावर मात्र लवकर आणि आतपर्यंत सारखं व्हायला हवं. ही दोन कामं वेगळी ठेवता आली तर सगळं जमतं, ती एकमेकांत घुसली तर चिप गेलीच समजा.

अल्जिनेटचं उदाहरण घ्या. हे तपकिरी समुद्री शेवाळातून काढतात, त्यातलं सरगॅसम तर आपल्या मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही उगवतं. सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळतं, दाट द्रावण होतं, आणि त्याला कॅल्शियम भेटलं की रेणूंच्या लांब साखळ्या कॅल्शियमला मधे धरून जोडीजोडीने बांधल्या जातात आणि लगेच जेल होतं. कॅफेत मिळणारे पॉपिंग बोबा, चावले की रस सुटणारे, त्यांचं बाहेरचं कातडं हेच. गरम करावं लागत नाही, विषारी काही नाही, पेशी मजेत राहतात, त्यामुळे सगळे पहिल्यांदा अल्जिनेटकडेच वळतात.

आणि तिथेच अडकतात, कारण ही रिॲक्शन अतिवेगवान आहे. चिपमधे एका बाजूने अल्जिनेट आणि दुसऱ्या बाजूने कॅल्शियम आणलं की जिथे भेट होते तिथेच जेलचा बोळा बसतो आणि चॅनल बंद. थेंब पाडून ते कॅल्शियमच्या पाण्यात सोडले तर चिप वाचते, पण कॅल्शियम बाहेरून आत जातं, आधी साल घट्ट होते, गाभा सैल राहतो, आणि थेंब पाण्यात शिरताना शेपूट निघालेले, अश्रूसारखे दाणे तयार होतात. एक उपाय असा की कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड अल्जिनेटमधेच मिसळायची, ती विरघळत नाही म्हणून जेल होत नाही, आणि थेंब झाल्यावर तेलातून थोडं ॲसिड द्यायचं म्हणजे आतल्या आत कॅल्शियम सुटतं. चांगली युक्ती, पण पूड प्रत्येक थेंबात सारखी वाटली जात नाही आणि तिचे कण चॅनलमधे अडकतात.

२०१५ मधे हार्वर्डच्या वाइट्झ आणि मूनी यांच्या गटांनी यावर जो मार्ग काढला तो मला फार आवडतो. त्यांनी कॅल्शियमला ईडीटीए नावाच्या रेणूच्या पकडीत ठेवलं. ईडीटीए कॅल्शियमला घट्ट धरून असतो, हे जोडपं पाण्यात पूर्ण विरघळतं, त्यामुळे पूड नाही, कण नाहीत, अल्जिनेटला कॅल्शियम मिळतच नाही आणि द्रावण तासन् तास पातळच राहतं. थेंब पाडतात. बाजूच्या तेलात जरासं ॲसिटिक ॲसिड असतं, ते तेलातून थेंबात उतरतं, पीएच खाली येतो, ईडीटीएची पकड सुटते, आणि कॅल्शियम थेंबभर सगळीकडे एकदम मोकळं होतं. साल वेगळी नाही, गाभा वेगळा नाही, आतून बाहेरून एकसंध जेल. पेशी असतील तर त्यांना ॲसिडमधे फार वेळ ठेवायचं नाही, पटकन काढून मीडियामधे, म्हणजे पेशींच्या पोषक द्रावणात, धुवायचं, एवढं पथ्य.

अल्जिनेटची अजून एक खोड आहे, फॉस्फेट. लॅबमधे काही धुवायचं म्हटलं की हात आपोआप पीबीएसच्या, म्हणजे फॉस्फेटवाल्या खाऱ्या बफरच्या, बाटलीकडे जातो, आणि त्यातलं फॉस्फेट जेलमधलं कॅल्शियम ओढून घेतं. बीड्स आधी फुगतात, मग मऊ पडतात, मग दिसेनासे होतात. धुवायला थोडं कॅल्शियम असलेलं, फॉस्फेट नसलेलं बफर घ्यावं. आतल्या पेशी परत बाहेर काढायच्या असल्या की हाच अवगुण कामी येतो, सायट्रेट किंवा ईडीटीए घातलं की जेल विरघळतं आणि पेशी मोकळ्या.

बाकीची मटेरियल्स थोडक्यात. ॲगरोज गरम असताना द्रव आणि थंड झालं की जेल, म्हणजे सिरिंज आणि चिप कोमट ठेवायची आणि थेंब जमा करायची ट्यूब बर्फात, बस्स. पीईजी-डायॲक्रिलेट प्रकाशाने बांधलं जातं, त्यात फोटोइनिशिएटर (प्रकाश पडला की रिॲक्शन सुरू करणारं केमिकल) घालायचा आणि थेंब झाल्यावर यूव्ही किंवा निळसर-जांभळा प्रकाश मारायचा. याचा शत्रू ऑक्सिजन, तो ही रिॲक्शन थांबवतो, आणि पीडीएमएसमधून ऑक्सिजन आरपार जातो, त्यामुळे चिपमधेच प्रकाश दिला तर थेंबाची कड कच्ची राहते आणि बीड ठरवल्यापेक्षा बारीक निघतो. पॉलिॲक्रिलामाइडला टीईएमईडी नावाचं केमिकल लागतं, ते तेलातून द्यायचं म्हणजे परत तीच कल्पना, थेंब आधी आणि सुरुवातीची ठिणगी नंतर.

जेल झाल्यावर बीड्स तेलातून पाण्यात आणायचे. सर्फॅक्टंटचं आवरण मोडायला फ्लोरिनवालं एक अल्कोहोल घालतात, मग सेंट्रिफ्यूज, मग पाणी बदलत धुलाई. या टप्प्यावर लक्षात ठेवायची गोष्ट ही की पाण्यात आल्यावर जेल फुगतं, म्हणून चिपमधल्या थेंबाचं माप आणि हातात आलेल्या बीडचं माप एक नसतं. फायनल माप नेहमी ज्या बफरमधे वापरणार त्यातच मोजावं.

आत्तापर्यंत आतून भरीव बीड्सबद्दल बोललो, पण पोकळ कॅप्सूलही बनवता येतात, बाहेर जेलची पातळ भिंत आणि आत पाणी. २००५ मधे वाइट्झ यांच्याच लॅबने काचेच्या नळ्या एकात एक बसवून थेंबात थेंब एका फटक्यात पाडून दाखवला, आतलं पाणी, मधलं तेल, बाहेरचं पाणी. त्या मार्गाने कॅप्सूल होतात, पण चिपमधे तेच करायचं तर चॅनलचा एक भाग पाणी धरणारा आणि दुसरा पाणी झटकणारा लागतो, आणि तो तसा टिकवणं कटकटीचं आहे.

लिथुएनियातल्या विल्नियस विद्यापीठात २०२० मधे झालेलं काम त्यापेक्षा सोपं आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. त्यांनी साध्या एकाच थेंबात डेक्स्ट्रान (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) आणि पीईजी-डायॲक्रिलेट दोन्ही घातली. ही दोन्ही पाण्यात विरघळतात पण एकमेकांसोबत राहत नाहीत, ठराविक प्रमाणात असली की थेंबातच वेगळी होतात, डेक्स्ट्रान मधे जातं आणि पीईजी बाहेरचा थर होतो. मग प्रकाश मारायचा, बाहेरचा थर जेल होतो आणि गाभा द्रवच राहतो. या भिंतीतून एन्झाइमसारखे प्रोटीन जाऊ-येऊ शकतात, पण पेशीचा लांबलचक डीएनए आतच अडकतो. याने काय साधतं ते बघा. तेलातल्या थेंबात एकदा जे घातलं ते घातलं, धुता येत नाही. या कॅप्सूलमधे पेशी ठेवायची, कडक केमिकलने ती फोडायची, ते केमिकल धुऊन टाकायचं, मग पुढचं एन्झाइम घालायचं, परत धुवायचं, आणि एवढं सगळं झालं तरी प्रत्येक पेशीचं जेनेटिक मटेरियल आपापल्या कॅप्सूलमधेच, हजारो पेशींचं एका ट्यूबमधे एकाच वेळी.

पेशी एकेकटी थेंबात बसवायची म्हटलं की नशिबाचा भाग येतो. सरासरी दर १० थेंबांमागे एक पेशी ठेवली तर सुमारे ९० टक्के थेंब रिकामे, ९ टक्क्यांत एक पेशी आणि अर्ध्या टक्क्यात दोन किंवा जास्त. पेशी दाट केल्या तर रिकामे कमी होतात पण दोन-दोनवाले वाढतात. म्हणून मुद्दाम पातळच ठेवतात. पण पेशीसोबत प्रत्येक थेंबात डीएनएच्या बारकोडवाला (कुठलं मटेरियल कुठल्या पेशीचं ते ओळखायची खूण असलेला) एक बीड पण हवा असेल, तर दोन्हीकडे नशीब म्हणजे हाती फारच थोडं येणार. इथे जेलचा मऊपणा उपयोगी पडतो. मऊ बीड्स चॅनलमधे एकमेकांना खेटून, चेपले जाऊन रांगेत बसतात, न अडकता पुढे सरकतात, आणि थेंब पडायच्या तालावर एकामागून एक निघतात, त्यामुळे बहुतेक थेंबांत बरोबर एक बीड जातो. अर्थात सगळे एकाच मापाचे असले तरच, एखादा दुप्पट आकाराचा आला की ताल बिघडला. २०१५ मधे हार्वर्डमधून आलेली इनड्रॉप्स पद्धत अशाच पॉलिॲक्रिलामाइड बीड्सवर उभी होती, आणि आज सिंगल सेल सीक्वेन्सिंगसाठी, म्हणजे एकेका पेशीचं जेनेटिक मटेरियल वेगवेगळं वाचायला, जगभर वापरल्या जाणाऱ्या टेनएक्स जेनॉमिक्सच्या मशीनमधेही जेल बीड्सच असतात, थेंबात गेल्यावर विरघळून बारकोड सोडणारे.

औषधाच्या बाजूला हा विषय अजून जुना आहे. १९८० मधे लिम आणि सन यांनी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके अल्जिनेटच्या कॅप्सूलमधे घालून डायबेटिक उंदरांमधे सोडले, आणि त्यांची साखर दोन-तीन आठवडे ताब्यात राहिली. कल्पना अशी की ग्लुकोज आत जाईल, इन्सुलिन बाहेर येईल, पण शरीराच्या संरक्षक पेशी आत घुसू शकणार नाहीत. प्रत्यक्षात शरीर कॅप्सूलभोवतीच घट्ट आवरण तयार करतं आणि आतल्या पेशी उपाशी मरतात. २०१५ मधे एमआयटीच्या गटाने दाखवलं की १.५ मिलिमीटरच्या अल्जिनेट गोळ्यांना शरीर ०.५ मिलिमीटरवाल्यांपेक्षा खूप कमी विरोध करतं, आणि मोठ्या कॅप्सूलमधल्या पेशींनी उंदरांची साखर १८० दिवसांपर्यंत सांभाळली, लहानांपेक्षा पाचपटीहून जास्त काळ. डिफ्युजनच्या हिशेबाने लहान चांगला, शरीराच्या प्रतिक्रियेच्या हिशेबाने मोठा चांगला. गोळे मापात असल्यामुळेच असा फरक पकडता येतो, सरमिसळ असती तर मापाचा परिणाम कुणाला दिसला असता?

जखमेवर भरायच्या जेलमधे पण एकसारख्या बीड्सचा उपयोग झालाय. २०१५ मधेच यूसीएलएच्या डी कार्लो आणि सेगुरा यांच्या गटांनी चिपमधून बनवलेले बीड्स जखमेत भरून तिथेच एकमेकांना जोडले. गोल दाण्यांच्या मधे आपोआप मोकळी जागा राहते, सलग, एकमेकांना जोडलेली, त्यातून पेशी आत शिरतात, तर अखंड जेलच्या ठोकळ्यात त्यांना आधी जेल खाऊन वाट करावी लागते. दाण्यांचं माप ठरवलं की मधल्या फटींचं माप ठरतं.

आता अडचणी, कारण पेपरमधले फोटो बघून सगळं गुळगुळीत वाटतं. धूळ आणि कपड्यांचे तंतू हे चिपचे सगळ्यात मोठे वैरी, प्रत्येक द्रावण फिल्टर करूनच सिरिंजमधे घ्या आणि चिपच्या तोंडाशीच बारीक खांबांचं गाळणं डिझाइन करा. सिरिंज पंपाची मोटर छोट्या छोट्या उड्या मारत पुढे सरकते, जाड सिरिंज आणि संथ वेग असेल तर त्या उड्या थेंबांच्या मापात उतरतात, थोडे मोठे थोडे लहान अशी लाट दिसते, तिथे बारीक सिरिंज लावा किंवा दाबावर चालणारा पंप घ्या. प्लाझ्मानंतर पीडीएमएस पाणी धरायला लागतं, त्यावर पाणी झटकणारा लेप दिला नाही तर थेंब भिंतीला चिकटतात आणि तेलाऐवजी पाणीच चॅनलच्या कडेने वाहायला लागतं. आणि सुरुवातीचा काही मिनिटांचा माल सरळ टाकून द्यायचा, प्रवाह स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच.

सगळ्यात मोठी मर्यादा प्रमाणाची. मिनिटाला १० मायक्रोलिटर म्हणजे दिवसरात्र चालवून १४.४ मिलिलिटर, संशोधनाला ठीक, कारखान्याला काहीच नाही. यावर एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) हजारो तोंडं कोरण्याचे प्रयत्न झालेत, पेन्सिल्वेनिया विद्यापीठात २०१८ मधे ४ इंची सिलिकॉन वेफरवर १०,२६० थेंब-जनित्रं बसवून पॉलिमरचे कण बनवले. जपानमधून आलेली स्टेप इमल्सिफिकेशनची वाट पण चांगली आहे, तिथे पाणी उथळ चॅनलमधून एकदम खोल जागेत पडतं आणि तुटतं, थेंबाचं माप मुख्यतः पायरीच्या उंचीवर ठरतं, प्रवाह थोडा कमीजास्त झाला तरी चालतं, म्हणून शेकडो तोंडं समांतर लावली तरी थेंब बऱ्यापैकी सारखे येतात.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आश्वासक वाटतो. एकदा चांगल्या लॅबमधे एकाच मापाचे बीड्स बनले, की वापरणाऱ्याला चिप लागतच नाही. बीड्स, पेशी आणि तेल एका ट्यूबमधे घालून व्होर्टेक्सवर, म्हणजे ट्यूब जोरात हलवणाऱ्या छोट्या यंत्रावर, हलवायचं, प्रत्येक बीड आपल्याभोवती पाण्याचा पातळ थर घेऊन बसतो आणि बीड्स सारखे असल्यामुळे थेंब पण सारखेच होतात. पिप-सेक नावाची सिंगल सेल पद्धत यावरच चालते. जिथे महागडं मशीन परवडत नाही, अशा जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजच्या लॅबमधे पण हे करता येईल, आणि म्हणून मला यात एवढा रस आहे.

स्वतः सुरुवात करणार असाल तर अल्जिनेटने करू नका, कितीही स्वस्त आणि सोपं वाटलं तरी. लो-मेल्ट (कमी तापमानाला वितळणारं) ॲगरोज घ्या, फ्लो-फोकसिंगची तयार चिप विकत मिळते ती घ्या, आधी नुसतं पाणी आणि तेल चालवून थेंब स्थिर करायला शिका, मायक्रोस्कोपचा फोटो काढून त्यातले किमान २००-३०० थेंब इमेजजे सॉफ्टवेअरमधे मोजा आणि फरक ५ टक्क्यांच्या खाली आला की मगच पाण्याच्या जागी ॲगरोज आणा. थेंब नीट पडत नसताना जेलचं केमिकल बदलत बसलात तर चूक कुठल्या बाजूला आहे ते कळणारच नाही.